भाऊसाहेबांचा तोतया

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनची धावपळ चालू होती आणि मोबाईलवर एक मेसेज आला. नंबर नवा, पण फोटो आमच्या मामाचा. फोन बिघडलाय, दवाखान्यात आहे, बोलता येत नाही, बारा हजार लगेच पाठव. मी मेसचे पैसे पाठवून मोकळा झालो! संध्याकाळी मामाचा जुन्याच नंबरवरून फोन आला. तो घरी मजेत चहा पीत होता.

नेटवर्क सिक्युरिटीच्या पेपरात बरे मार्क पडलेला मी, लाजेने चार दिवस कुणाला काही बोललो नाही. शेवटी आजोबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले की तुला तोतया भेटला, मोठमोठ्यांना भेटलेला आहे. मग त्यांनी मला सदाशिवरावभाऊंची गोष्ट सांगितली. पानिपतापर्यंतची मला ठाऊक होती, पुढची नव्हती.

भाऊसाहेब म्हणजे चिमाजीअप्पांचे चिरंजीव. जन्म 1730 चा. आई तान्हेपणीच गेली, आणि 1740 मध्ये वडीलही गेले. शनिवारवाड्यात आजी राधाबाईंच्या नजरेखाली ते वाढले. हुशार, शिस्तीचे, हिशेबाला चोख आणि स्वभावाने थोडे कडक. नानासाहेब पेशव्यांच्या कारभाराचा मोठा भार त्यांच्यावर होता. 1760 च्या सुरुवातीला उदगीरला त्यांनी निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना तिथे फार कामाला आला. त्याच वर्षी अब्दालीला रोखायला ते उत्तरेत निघाले आणि ऑगस्टपर्यंत दिल्ली हाती आली. पुढे 14 जानेवारी 1761 उजाडला. विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब घोड्यावर बसून गर्दीत घुसले आणि परत कुणाला दिसले नाहीत.

शुजाउद्दौलाच्या छावणीत काशीराज पंडित होता. त्याच्या हकिकतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी एक शीर नसलेला देह सापडला आणि अंगावरच्या खुणांवरून तो भाऊसाहेबांचा ठरवून अग्नी दिला गेला. पण पुण्याला ही बातमी पटेना. ज्या घरात बघावं तिथला कुणीतरी परतलेला नव्हता. पार्वतीबाई पानिपताहून जिवंत परत आल्या, पण त्यांनी कुंकू पुसलं नाही. शेवटपर्यंत त्या सुवासिनी म्हणूनच राहिल्या. भाऊसाहेब कुठेतरी आहेत, येतील, असं हजारो लोकांना वाटत होतं.

मित्रांनो, तोतयाला एवढंच भांडवल लागतं. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून पुढे आला. चेहरेपट्टी बरीच जुळत होती असं सांगतात. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून चौकशी झाली, सोंग उघडं पडलं आणि तो किल्ल्याच्या कैदेत गेला. प्रकरण मिटलं असं सगळ्यांना वाटलं.

पण 1776 मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेत असताना तिथला अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला सोडवलं आणि भाऊसाहेब म्हणून उभं केलं! वेळही बरोबर साधली होती. नारायणरावांचा खून झालेला, सवाई माधवराव जेमतेम दोन वर्षांचे, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला आणि नाना फडणीस सगळीकडून घेरलेले. पाहता पाहता कोकणातले किल्ले तोतयाकडे गेले. हजारो माणसं त्याच्या झेंड्याखाली जमली. काही भोळे होते, काहींना आपलं साधून घ्यायचं होतं. शेवटी महादजी शिंद्यांनी त्याचा मोड केला. पळताना तो राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली, भाऊसाहेबांना जवळून ओळखणाऱ्यांनी त्याला पाहिलं, आणि डिसेंबर 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. पुढे न. चिं. केळकरांनी याच विषयावर तोतयाचे बंड हे नाटक लिहिलं.

मला राहून राहून वाटतं ते भाऊसाहेबांबद्दल. उभा जन्म हिशेब चोख ठेवणारा माणूस, आणि मेल्यावर त्यांचं नावच कुणीतरी वापरलं. तेव्हा इंटरनेट नव्हतं, मोबाईल नव्हता. युक्ती मात्र हीच! ओळखीचा चेहरा, जिव्हाळ्याचं नाव, गडबडीची वेळ आणि आपल्या मनातली इच्छा. माझ्या बाबतीत चोराने फोटो फक्त लावला, बाकीचा मामा मी माझ्या काळजीने पुरा केला.

उपायही त्याच गोष्टीत सापडतो. पुण्याच्या चौकशीत तोतयाच्या बोलण्यावर काही ठरलं नाही, भाऊसाहेबांना आधीपासून ओळखणाऱ्यांना विचारलं गेलं. आपणही तेच करायचं. नव्या नंबरवरून पैसे मागितले तर जुन्या नंबरवर फोन लावायचा. तो लागला नाही तर घरातल्या दुसऱ्याला विचारायचं. घरच्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवून ठेवायचा, कारण आता आवाजाचीही नक्कल होते. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगायचा नाही, समोरचा बँकेचा म्हणो नाहीतर पोलिसांचा. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. आणि फसलोच तर लाज बाजूला ठेवून त्याच मिनिटाला 1930 वर फोन करायचा. लवकर कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. माझे चार दिवस गप्प बसण्यात गेले आणि बारा हजारही गेले.

आजोबांनी तेव्हाच आमच्या घरचा खुणेचा शब्द ठरवला. तो काय आहे ते अर्थातच इथे लिहिणार नाही!