ट्रॉट्स्की : क्रांतीचा सेनापती, क्रांतीचाच आरोपी

जॉर्ज ऑर्वेलची ‘ॲनिमल फार्म’ ही छोटीशी कादंबरी आपल्या अनेक कार्यकर्त्यांनी वाचलेली आहे. बिहारमधील मोतिहारी येथे १९०३ साली जन्मलेल्या या इंग्रज लेखकाचे हे पुस्तक ऑगस्ट १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाला हाकलून जनावरे मळा ताब्यात घेतात आणि अखेर तेथे डुकरांची हुकूमशाही येते, एवढी गोष्ट सर्वांच्या लक्षात राहते. परंतु अंगावर कुत्रे सोडून ज्याला मळ्यातून पळवून लावले आणि पुढे प्रत्येक नुकसान ज्याच्या नावावर खपवले, तो स्नोबॉल कोण, याची चर्चा फारशी होत नाही. तो म्हणजे लिऑन ट्रॉट्स्की. आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहोत. म्हणून त्याचे चरित्र आम्ही पुराव्याच्या अंगाने मांडत आहोत.

ट्रॉट्स्कीचे मूळ नाव लेव्ह ब्रॉनश्टाइन. जन्म ७ नोव्हेंबर १८७९ चा, दक्षिण युक्रेनमधील यानोव्का गावी, एका ज्यू शेतकऱ्याच्या घरी. त्या काळी झारच्या राज्यात ज्यू असणे हाच गुन्हा होता. १८८७ साली शाळा-विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर सरकारने मर्यादा घातली. गुणवत्ता असूनही जन्मामुळे दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. विषमतेची अशी चव घेतलेला हा मुलगा विशीच्या आत क्रांतिकारक झाला. १८९८ साली अटक, मग सैबेरियात हद्दपारी, १९०२ साली खोट्या पासपोर्टवर पलायन. त्या पासपोर्टवर लिहिलेले नाव ट्रॉट्स्की, आणि तेच कायम राहिले.

१९०५ च्या उठावात तो सेंट पीटर्सबर्गच्या कामगार सोव्हिएतचा अध्यक्ष झाला. पुन्हा खटला, पुन्हा हद्दपारी, पुन्हा पलायन. १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली, त्या उठावाची प्रत्यक्ष आखणी ट्रॉट्स्कीची होती. १९१८ साली तो युद्धमंत्री झाला. विस्कळीत टोळ्यांतून त्याने लाल सेना उभी केली आणि यादवी युद्ध जिंकून दिले.

येथपर्यंतचे चरित्र कोणालाही भारावून टाकील. पण न्यायाच्या तराजूत दुसरे पारडेही असते. जून १९१८ मध्ये बाल्टिक आरमाराचा प्रमुख अलेक्सेई श्चास्टनी याच्यावर देशद्रोहाचा खटला चालला. याच अधिकाऱ्याने जर्मनांच्या हाती पडू पाहणारे आरमार बर्फातून सोडवून आणले होते. खटल्यात साक्षीदार एकच होता, तो म्हणजे स्वतः युद्धमंत्री ट्रॉट्स्की. श्चास्टनीला गोळी घातली गेली. मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या नाविकांनी सोव्हिएतांच्या मुक्त निवडणुका आणि भाषणस्वातंत्र्य मागितले. हे नाविक १९१७ च्या क्रांतीचा कणा मानले जात. त्यांचे बंड ट्रॉट्स्कीच्याच सेनेने रक्तात बुडवले. त्याच महिन्यात पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. ट्रॉट्स्कीने विरोध केला नाही. मतभेद हा गुन्हा ठरवणारे हत्यार त्या दिवशी तयार झाले. ते कोणाच्या हाती जाईल, याचा विचार कोणी केला नाही.

२१ जानेवारी १९२४ रोजी लेनिन वारला. स्टालिनला सरचिटणीसपदावरून दूर करावे, असे लेनिनने लिहून ठेवले होते. ते दडपले गेले. आता तेच हत्यार ट्रॉट्स्कीवर चालले. १९२५ साली मंत्रिपद गेले, १९२७ साली पक्षातून हकालपट्टी झाली, १९२८ साली अल्माआटाला रवानगी आणि १९२९ साली देशाबाहेर. तुर्कस्तान, फ्रान्स, नॉर्वे असे करीत तो जानेवारी १९३७ मध्ये मेक्सिकोत पोहोचला.

माणूस गेला, पण आरोपी म्हणून तो स्टालिनला हवाच होता. १ डिसेंबर १९३४ रोजी, किरोव्हचा खून झाला त्याच दिवशी, एक फर्मान निघाले. तपास दहा दिवसांत, आरोपपत्र फक्त चोवीस तास आधी, सुनावणी वकिलांशिवाय, अपील नाही, शिक्षेची अंमलबजावणी तात्काळ. त्यानंतर १९३६ ते १९३८ या काळात मॉस्कोत तीन जाहीर खटले झाले. झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, बुखारिन हे लेनिनचे सहकारी उभे राहून आपण खुनी आणि हेर असल्याचे सांगू लागले. सूत्रधार म्हणून नाव एकच, ट्रॉट्स्की. पुरावा काय? कबुलीजबाब! १९३७-३८ या दोन वर्षांत गोळ्या घातलेल्यांची सोव्हिएत दप्तरातील संख्याच सुमारे ६ लाख ८० हजार आहे.

तेव्हा ट्रॉट्स्कीने जगापुढे एकच मागणी ठेवली, मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करा आणि पुरावा तपासा. त्यासाठी जो चौकशी आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष होते प्रा. जॉन ड्युई. होय, कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना शिकवणारे तेच ड्युई! वय ७७. मार्क्सवाद त्यांना मान्य नव्हता. तरीही ते मेक्सिकोला गेले. एप्रिल १९३७ मध्ये कोयोआकान येथे सुनावणी झाली. सोव्हिएत राजदूताला उलटतपासणीसाठी निमंत्रण होते, कोणी आले नाही. आयोगाने कबुलीजबाब तपासले. एक आरोपी म्हणाला होता, १९३२ साली कोपनहेगनच्या ब्रिस्टॉल हॉटेलात भेट झाली. त्या नावाचे हॉटेल त्या वर्षी तेथे अस्तित्वातच नव्हते! दुसरा म्हणाला होता, डिसेंबर १९३५ मध्ये आपण विमानाने ओस्लोला उतरलो. त्या महिन्यात तेथे एकही परदेशी विमान उतरले नसल्याचे विमानतळाने कळवले. आयोगाने ट्रॉट्स्कीला निर्दोष ठरवले.

निकाल मिळाला, जीव मात्र वाचला नाही. धाकटा मुलगा सर्गेई १९३७ साली रशियात मारला गेला, थोरला लेव्ह १९३८ साली पॅरिसच्या इस्पितळात संशयास्पद रीतीने वारला. २० ऑगस्ट १९४० रोजी स्टालिनच्या हस्तकाने बर्फ फोडण्याच्या कुदळीने ट्रॉट्स्कीच्या डोक्यात घाव घातला. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, बुखारिन यांना सोव्हिएत न्यायालयाने निर्दोष ठरवले ते १९८८ साली, पन्नास वर्षांनी!

या चरित्रातून आम्ही काय घ्यायचे? ट्रॉट्स्कीला देव करायचे कारण नाही. जो न्याय त्याने श्चास्टनीला नाकारला, तोच मागण्यासाठी त्याला जगभर दारे ठोठवावी लागली. आपल्या संविधानाचे कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडू देत नाही, कलम २२ त्याला वकील देते. हे संरक्षण फक्त आपल्या बाजूच्या माणसासाठी नाही, विरोधकासाठीही आहे. तेव्हा उद्या व्यासपीठावरून कोणी आपल्याच सहकाऱ्याला गद्दार म्हटले, तर टाळी वाजवण्याआधी दोन गोष्टी मागा. पुरावा मागा, आणि त्याला बोलू द्या. समतेसाठी निघालेल्या चळवळीने एवढे केले नाही, तर मळा बदलेल, मालक बदलतील, राबणारे मात्र तेच राहतील.