विश्लेषण : न्यायमूर्ती नेमणार कोण? डॉ. आंबेडकरांचा मधला मार्ग
वर्ध्याची अपिले ज्या नागपूर खंडपीठात जातात, तिथले न्यायमूर्ती राष्ट्रपती नेमतात. ही पद्धत ठरवण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मोठा वाटा. १८९१ मध्ये महू येथे जन्मलेल्या आंबेडकरांनी १९२३ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. १९४७ मध्ये ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी सरकारला मोकळे रान देणे नाकारले. अमेरिकेसारखी सिनेटची संमती राजकीय दबावाच्या भीतीने, तर सरन्यायाधीशांचा नकाराधिकार एका व्यक्तीच्या हाती सत्ता नको म्हणून फेटाळला. उरला सल्लामसलतीचा मार्ग. तोच उच्च न्यायालयांसाठी कलम २१७ मध्ये आला. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सल्लामसलतीचा अर्थ सहमती असा लावला आणि कॉलेजियम आले. रिक्त पदांवरून सरकार आणि न्यायपालिकेतला वाद आजही त्याच शब्दाभोवती फिरतो.