नांगर, शेतकरी आणि लक्ष्मणराव

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकविणारे एक तरुण मास्तर मुळात चित्रकार व्हावयाचे होते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेले लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांना कुंचला खाली ठेवावा लागला. रेषा मात्र हाती राहिली. त्या रेषेच्या बळावर ते यंत्रांकडे वळले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली आणि लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. ती संस्था १९२३ साली माटुंग्यास गेली. भायखळ्याने गमावलेल्या मास्तरांचे नाव तोवर गावोगाव झाले होते.

मुंबईस असतानाच ते बेळगावी थोरले बंधू रामूअण्णांकडे सायकली विक्रीस धाडीत. रामूअण्णा त्या विकीत आणि फी घेऊन चालविण्यासही शिकवीत. हा व्यवहार सरळ होता. शिकावयाचे ते माणसाने; यंत्र जसे विलायतेहून आले तसेच राहणार. पडण्याझडण्याचा आणि शिकवणीचा, दोन्ही खर्च गिऱ्हाइकाच्या माथी.

लोखंडी नांगराने हे गणित उलटे केले. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. शहरी माणसे या समजुतीला आजही हसतात, ते योग्य नव्हे. ज्याचे वर्षाचे धान्य एका नांगरटीवर अवलंबून आहे त्याने परक्या अवजाराविषयी शंका घेणे हा अडाणीपणा नसून हिशेब होता. लाकडी नांगर माती फक्त उकरी. लोखंडी नांगर खोल जाऊन ती पालथी घाली आणि हरळीची मुळे वर काढी. त्यासाठी अधिक बैल जुंपावे लागत, हाताचा दाब बदलावा लागे. शेतकरी हे शिकला. पण फाळ कोणत्या जमिनीत टिकतो, दगडगोट्यांत काय मोडते, हे कारखान्याला शेतकऱ्याकडूनच शिकावे लागे. हे शिकण्याचे दिवस निर्मात्याने स्वतःच्या भांडवलातून काढले, आणि लक्ष्मणरावांचे खरे मोठेपण येथे आहे.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारयोजनेमुळे सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. त्यावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. पुढे त्याचे वाङ्मयीन मासिक झाले. आरंभी मात्र ते कारखाना आणि गिऱ्हाईक यांना जोडणारे पत्रक होते. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले.

हे परस्परशिक्षण आता मेंदूपर्यंत पोचले आहे. पक्षाघात झालेल्या रुग्णाच्या मेंदूत विद्युताग्रे बसवितात. केवळ इच्छेने पडद्यावरील खूण हलविण्याचा रुग्ण सराव करतो. संगणक त्याच्या मेंदूतील स्पंदनांचा अर्थ लावण्याची आपली रीत बदलतो, तसा मेंदूही आपली स्पंदने संगणकाशी जुळवून घेतो. नांगर आणि नांगऱ्या यांचेच नाते हे. फरक इतकाच की हा नांगर बांधावर टाकून घरी जाता येत नाही. अमेरिकेतील सेकंड साइट कंपनीने अंधांच्या नेत्रपटलावर ६० विद्युताग्रांचे उपकरण बसविले होते. चष्म्यातील कॅमेऱ्यामुळे दिसणाऱ्या प्रकाशठिणग्यांचा अर्थ लावण्यास साडेतीनशेंहून अधिक माणसे कष्टाने शिकली. २०१९ साली कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले, पुढल्या वर्षी बहुतेक नोकरवर्ग कमी केला. त्यानंतर ज्यांचे उपकरण बिघडले, त्यांना ते दुरुस्तीस न्यावयाला किर्लोस्करवाडी नव्हती.