तिरका चालणारा राजा : रिचर्ड रेटी

तळेऱ्याच्या तिठ्यावर उभं राहिलं की एक रस्ता विजयदुर्गाकडे जातो, दुसरा वैभववाडीवरून गगनबावड्याकडे. एका वेळी दोन्हीकडे जाता येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. बुद्धिबळाच्या पटावर मात्र ते जमतं, हे १९२१ साली रिचर्ड रेटीने दाखवून दिलं.

आजच्या स्लोव्हाकियातल्या पेझिनोक गावी २८ मे १८८९ रोजी त्याचा जन्म झाला. व्हिएन्नात तो गणित शिकला, पण जीव रमला पटावर. सुरुवात तर फजितीची! १९०८ च्या व्हिएन्ना स्पर्धेत तो चक्क शेवटचा आला. तरी गड्याने पट सोडला नाही.

त्याची ती प्रसिद्ध रचना मांडूनच बघा. पांढरा राजा एच८, प्यादं सी६. काळा राजा ए६, प्यादं एच५. चाल पांढऱ्याची. काळं प्यादं वजीर व्हायला धावतंय, पांढरा राजा दोन पावलं मागे, आणि त्याचं स्वतःचं प्यादं काळ्या राजाच्या तोंडाशी. डाव गेलाच म्हणायचा! पण रेटीचा राजा तिरका निघतो : जी७, एफ६, ई५. तिरक्या तीन चालींत तो तीन ओळी खाली येतोच, शिवाय तीन घरं डावीकडेही सरकतो. पायथागोरसचं इथे चालत नाही! तोवर काळ्याचं प्यादं एच४ वर, राजा बी६ वर आलेला असतो. आता त्याने सी६ चं प्यादं खाल्लं, तर पांढरा राजा एफ४ वरून पळणारं प्यादं गाठतो. न खाता प्यादं पुढे ढकललं, तर पांढरा राजा डी६ वर जाऊन आपल्या प्याद्याला सोबत देतो आणि दोघांचेही वजीर होतात. डाव बरोबरीत!

१९२४ मध्ये न्यूयॉर्कला त्याने आठ वर्षं अजिंक्य असलेल्या कॅपाब्लांकाला हरवलं. १९२५ मध्ये साओ पावलोत पटाकडे न पाहता एकाच वेळी २९ डाव खेळला. सांगतात की, त्यानंतर निघताना आपली बॅग मात्र तिथेच विसरला!

६ जून १९२९ रोजी प्रागमध्ये स्कार्लेट फीवरने तो गेला. चाळिशी पूर्ण होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते.

केटी लागली, सबमिशन अंगावर आलं, की आपण लगेच हात टेकतो. त्याआधी चार सोंगट्यांचा हा डाव एकदा मांडून बघा. दोन पावलं मागे असलेला राजाही वाचतो, फक्त त्याची पहिली चाल योग्य दिशेने पडायला हवी.