अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक



अंगणवाडी हा शब्द आपल्या महाड-पोलादपूरच्या वाडीवाडीत रोज उच्चारला जातो. १९७५ साली सरकारने बालविकासाची देशव्यापी योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. परंतु हा शब्द आणि त्यामागची कल्पना कोणाची, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळांना सांगता येणार नाही. ती कल्पना एका बाईंची. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या विचारांच्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजाव्यात असा तो काळ होता. अमरावतीच्या एका वकिलांशी त्यांचा विवाह झाला, पण संसार सुखाचा झाला नाही व मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. पगार होता, मान होता. तथापि भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांची शाळा चालवीत आहेत असे कळले, आणि १९२३ साली ताराबाई ती नोकरी सोडून तिकडे गेल्या. गिजुभाईंना लोक मिशाळ आई म्हणत. त्यांच्या सहवासात ताराबाईंनी सुमारे नऊ वर्षे काढली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे शिक्षणपत्रिकेच्या मराठी आवृत्तीतून त्या आपल्यासारख्या आईबापांशी बोलू लागल्या.

त्या वेळी मॅडम माँटेसरी यांच्या पद्धतीचा मोठा बोलबाला होता. माँटेसरींनी पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत काढले, हे आपण विसरतो. कारण आपल्याकडे ती पद्धत आली ती बहुधा श्रीमंतांच्या मुलांसाठी. लाकडी दट्टे, मनोरे, मण्यांच्या माळा, सारे मापात घडवलेले व महाग. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला, तो नावारूपास आला. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते.

पण १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. (त्रेपन्नाव्या वर्षी आम्ही शिक्षक मंडळी पेन्शनचा हिशेब मांडून बसतो.) तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले येईनात. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाच्या मागे शेळ्या, कोणाला अंघोळच नाही. मुले येत नाहीत म्हणून आईबापांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. आधी मुलांना स्वच्छ करायचे, मग गाणे-गोष्ट. ही अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांत गेले. तेथे मुले गुरांमागे रानात जात, म्हणून शिक्षकही कुरणात गेले. ती कुरणशाळा.

आता साधनांचे पाहा. मुंबईचे महाग लाकडी सामान तेथे कोठून आणणार? शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काटक्या हीच साधने झाली. लहान-मोठे ओळखायचे तर पानांवरून, मोजायचे तर बियांवरून. रानातली साधने ऋतूप्रमाणे बदलतात, त्याबरोबर धडाही बदलतो. पेटीतल्या मण्यांना पावसाळा-उन्हाळा नसतो.

हे लिहिताना मला माझीच एक चूक आठवते. नोकरीच्या आरंभी मी वर्गात बाजारातून आणलेला ऋतूंचा तक्ता लावला होता. त्यात हिवाळा म्हणजे बर्फाचा बाहुला आणि लोकरी टोपी. पोलादपूरकडच्या वाडीतली मुले ते मुकाट्याने पाठ करीत. त्याच वर्षी एक मुलगी लावणीच्या दिवसांत आठवडाभर आली नाही. मी हजेरीपटात लाल खुणा केल्या व ती आल्यावर रागावलो. मग सहज विचारले, काय केलेस? तिने एका खाचराला रोपांच्या किती मुठी लागल्या, किती उरल्या, उरलेल्या शेजाऱ्याच्या किती वाफ्यांना पुरल्या, हे तोंडी सांगितले. तो भागाकारच होता, आणि मी तो वर्गात अजून शिकवला नव्हता.

तेव्हापासून तक्ता उतरवला. जूनमध्ये सरळ बाजूंची एक बाटली अंगणात ठेवून रोज सकाळी पाणी पट्टीने मोजतो. सावित्री आणि गांधारी फुगतात त्या आठवड्याचे आकडे मुले विसरत नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तर ज्या घरात पाणी शिरले त्या घरची मुले हे काम फार गंभीरपणे करतात. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो, त्यावरून रंग. भात-नाचणी घरात आली की शेर-पायली आणि किलोग्रॅम यांचा मेळ. थंडीत मैदानात काठी रोवून दर आठवड्याला दुपारची सावली मोजायची. काटेसावर फुलली की तिच्या पाकळ्या, आणि मेच्या सुट्टीत करवंदाच्या बिया. खर्च एका वहीचा.

एक काम आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. रमजानचा चांद पाहायला मुले गच्चीवर धावतातच. त्यांना चंद्राची वही करून द्या. रोज आकार काढायचा, तारीख लिहायची. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो व साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतू फिरून येतो. २०३० साली तो जानेवारीत एकदा सुरू होईल आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा. आजोबांना विचारा, त्यांनी भर पावसाळ्यातले रोजे कोणत्या वर्षी धरले होते. उत्तर वजाबाकी करून पडताळता येईल.

काही पालक मला विचारतात, सर, शिंपले-बिया खेळायला शाळेत कशाला पाठवायचे? वडील आखातात राबतात, फी भरतात, तेव्हा काही नवे, इंग्रजी, पेटीतले शिकवा. त्यांची कळकळ मला समजते. पण एका शाळेत, नाव सांगत नाही, अशी एक महागडी पेटी मी कपाटात कुलूपबंद पाहिली आहे. मुले खराब करतील म्हणून.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, चालवले. आमच्या वर्गातली बाटली यंदाही मृगाच्या आधी अंगणात ठेवली जाईल. आपल्या घरी जुनी पायली वा शेर पडून असेल तर मुलाबरोबर एक दिवसासाठी पाठवावा, परत केला जाईल.