मामा वरेरकर : रंगमंच उघडला, प्रेक्षागृहाचे काय?

मालवणातल्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, ते भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर २७ एप्रिल १८८३ रोजी चिपळूणला जन्मले. शाळा मालवणात झाली. कोकणातल्या मुलाला नाटकाचे वेड लागते ते दशावतारापासून. जत्रेला देवळाच्या आवारात रात्रभर खेळ, तिकीट नाही. मात्र ज्यांना देवळाची पायरीही बंद होती, त्यांना त्या उजेडाच्या किती जवळ जाता येत असेल, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

मामांनी टपाल खात्यात नोकरी केली. १९०८ मध्ये 'कुंजविहारी' हे त्यांचे पहिले नाटक रंगभूमीवर आले आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी लेखणीवर संसार चालवला. राजेरजवाडे आणि पुराणकथांत रमलेल्या रंगभूमीवर त्यांनी भोवतालचे प्रश्न आणले. 'हाच मुलाचा बाप' हुंड्यावर, 'सोन्याचा कळस' गिरणी कामगारांवर, आणि १९२३ चे 'तुरुंगाच्या दारात' अस्पृश्यतेवर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर झाला होता.

मामांचे हे धाडस आम्ही कमी लेखत नाही. पण तिकीट काढून खुर्चीवर बसणारा वर्ग कोणता होता? आमच्या माणसाचे दुःख मंचावर आले, तरी तो माणूस खुर्चीत आला असे होत नाही. त्याच्या खुर्चीची हमी दिली ती संविधानाने. अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही नाव घेऊन खुली केली आहेत. विहिरीइतकेच नाटकगृहही माणूसपणाच्या हिशेबात धरले गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

मामा १९५६ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले, १९५९ ला पद्मभूषण मिळाले, २३ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

अनुच्छेद १५ मधल्या त्या यादीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, अपंगत्व नाही. त्यासाठी १९९५ चा आणि मग २०१६ चा कायदा यावा लागला. २०१६ च्या कायद्याप्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वावरता येतील अशा करायच्या होत्या. नियम २०१७ ला निघाले, मुदत २०२२ मध्ये संपली. तेव्हा मामांच्या नावाच्या वास्तूत, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक नाट्यगृहात व चित्रपटगृहात, चाकाच्या खुर्चीसाठी उतरण आणि मधल्या रांगेत जागा, हाताला कठडा, खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह आहे का, हे तिकीट काढणाऱ्याने विचारावे. कोपऱ्यात, दाराशी दिलेली जागा आम्ही ओळखतो. ती जुनीच जागा आहे.

हीच विचारणा आपल्या वाडीतल्या समाजमंदिराला आणि विहारालाही लागू आहे. १४ एप्रिलला तिथे पडदा लागतो, जलसा होतो. म्हाताऱ्या आयेला चार पायऱ्या कोण चढवणार, ऐकू न येणाऱ्या पोराला पडद्याखाली मराठी ओळी दिसणार का, हे कार्यक्रमाची वर्गणी काढतानाच ठरवता येते. उतरणीला लागतात चिऱ्याच्या दोन गाड्या आणि गवंड्याचे दोन दिवस.