खडकातील कोडी सोडविणारा संशोधक : चार्ल्स वॉलकॉट

अमेरिकेतील न्यूयॉर्क मिल्स या गावी ३१ मार्च १८५० रोजी चार्ल्स डूलिटल वॉलकॉट यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. महाविद्यालयीन पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. ट्रेंटन फॉल्सजवळ एका शेतावर काम करीत असताना तेथील चुनखडकातील ट्रायलोबाइटांनी त्यांना वेड लावले. ट्रायलोबाइट म्हणजे प्राचीन समुद्रात राहणारे, पाठीवर कवच असलेले संधिपाद प्राणी. कवचे विपुल मिळत. पण खालचे पाय कसे होते, याबद्दल विद्वानांत वाद होता. वॉलकॉट यांनी दगडाचे पातळ काप काढले व त्यांतून ते पाय दाखवून दिले.

१८७९ मध्ये ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात साध्या साहाय्यकाच्या जागेवर लागले आणि १८९४ मध्ये त्याच खात्याचे संचालक झाले. १९०७ पासून अखेरपर्यंत त्यांनी स्मिथसोनियन संस्थेची धुरा वाहिली.

ऑगस्ट १९०९ मध्ये कॅनडाच्या रॉकी पर्वतात त्यांना बर्जेस शेल हा ठेवा गवसला. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या मऊ शरीराच्या जीवांचे ठसे तेथे शाबूत होते. पुढे १९११ मध्ये पत्नी हेलेना रेल्वे अपघातात गेल्या; १९१३ व १९१७ मध्ये दोन तरुण मुलगे गेले. तरीही ते पुनःपुन्हा त्या डोंगरावर परतले. त्यांनी जमविलेले नमुने सुमारे ६५,००० भरले.

या नमुन्यांची ओळख पटविताना त्यांच्या हातून चुकाही झाल्या. मध्ये छिद्र असलेली एक गोल चकती त्यांनी जेलीफिश मानली, तर दुसरा एक चपटा ठसा समुद्रकाकडी ठरविला. कोळंबीच्या धडासारखे दिसणारे तुकडे तर १८९२ मध्येच व्हाइटीव्ह्ज यांनी स्वतंत्र प्राणी म्हणून नोंदविले होते. १९८५ मध्ये व्हिटिंग्टन व ब्रिग्ज यांनी हे कोडे सोडविले. चकती म्हणजे तोंड, समुद्रकाकडी म्हणजे धड आणि ती कोळंबी म्हणजे भक्ष्य पकडणारा पुढचा अवयव! हे सारे अ‍ॅनोमॅलोकॅरिसच्या कुळातील शिकारी प्राण्यांचे भाग होते.

९ फेब्रुवारी १९२७ रोजी वॉशिंग्टन येथे वॉलकॉट निवर्तले. त्यांचे काही निष्कर्ष पुसले गेले. पण त्यांनी नमुने जपून ठेवले होते, म्हणूनच पुढच्यांना चूक दुरुस्त करता आली. आपल्या मतापेक्षा पुरावा अधिक काळ टिकावा, याची तजवीज करून गेलेला हा संशोधक आपणा विद्यार्थ्यांना म्हणूनच जवळचा वाटतो.